कल्पनाताईंची गोष्ट अर्धीच का सांगता?

एप्रिल महिना लागला की पालघरपासून बोईसर, वाडा, डहाणूपर्यंत आपल्या वस्त्यांमध्ये जयंतीची तयारी सुरू होते. मिरवणूक, वंदना, भोजनदान यांच्या जोडीला गेल्या काही वर्षांत आणखी एक गोष्ट रुळली आहे, ती म्हणजे 'प्रेरणादायी व्याख्यान'. वक्ता कडक इस्त्रीचा शर्ट घालून येतो, माइक हातात घेऊन इकडून तिकडे फिरतो आणि पंधराव्या मिनिटाला कल्पना सरोज यांचे नाव घेतो. दोन रुपये रोजावर काम करणारी आपल्या समाजाची मुलगी कोट्यवधींच्या कंपनीची मालकीण झाली, मग तुम्ही का नाही? पोरे टाळ्या वाजवतात. टाळ्या थांबल्या की दुसरे वाक्य येते : रडत बसू नका, सवलती मागू नका, नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा.

पहिल्या वाक्याबद्दल माझी तक्रार नाही. कल्पनाताईंचा मला अभिमान आहे आणि तो कुणाच्याही परवानगीने नाही. हा लेख त्या दुसऱ्या वाक्याविरुद्ध आहे. कारण ते वाक्य खरे ठरवण्यासाठी कल्पनाताईंची गोष्ट मधोमध कापावी लागते आणि कापलेला भाग नेमका आपल्या कामाचा आहे. त्यांचा कमानी ट्यूब्स हा कारखाना कुर्ल्याहून हलून आपल्याच वाडा तालुक्यात आला. निदान आपल्या जिल्ह्यात तरी ही गोष्ट पुरी सांगितली गेली पाहिजे.

आधी गोष्ट

कल्पना सरोज यांचा जन्म १९६१ चा, अकोला जिल्ह्यातल्या रोपरखेडा गावचा. वडील पोलीस हवालदार. शाळेत हुशार असलेल्या या मुलीचे लग्न बाराव्या वर्षी लावून दिले गेले आणि ती मुंबईच्या झोपडपट्टीत सासरी आली. तिथे मारहाण, उपासमार, दिवसभर राबणे. काही महिन्यांनी वडील भेटायला आले, मुलीची दशा पाहिली आणि तिला घेऊन गावी परतले. गावाने मात्र 'नवऱ्याला सोडून आलेली' म्हणून टोमणे मारले. ते इतके असह्य झाले की तिने विष घेतले. ती वाचली. सोळाव्या वर्षी पुन्हा मुंबईत आली, लोअर परळच्या होजियरी कारखान्यात दोन रुपये रोजावर लागली आणि शिवणकाम शिकली. पुढे कुटुंब कल्याणला भाड्याच्या खोलीत राहिले. धाकटी बहीण उपचाराला पैसे नाहीत म्हणून गेली. पैसा कमवायचाच, हा निश्चय तिथून झाला, असे ताई मुलाखतींत सांगतात.

त्यानंतर सरकारी योजनेतून पन्नास हजारांचे कर्ज, शिवणकाम आणि फर्निचरचा धंदा. मग कल्याणमधली वादात अडकलेली जमीन घेऊन ती मोकळी करणे, त्यावर इमारत उभारणे, त्या धंद्यातल्या गुंडांच्या धमक्या. दोन हजार सालाच्या सुमारास कमानी ट्यूब्सचे कामगार त्यांच्याकडे आले. कंपनीवर ११६ कोटींचे कर्ज आणि शंभरावर खटले होते. २००६ मध्ये त्या कंपनीच्या अध्यक्ष झाल्या. २०१३ मध्ये व्यापार-उद्योग क्षेत्रासाठी त्यांना पद्मश्री मिळाली.

व्याख्यानात ही गोष्ट अशी सांगतात की जणू एका बाजूला एकटी बाई आणि दुसऱ्या बाजूला सगळे जग. जिद्द होती, जिंकली. जिद्द होतीच, तिच्याशिवाय यातले काहीच झाले नसते. पण दोन रुपये रोजावर राबणाऱ्या, जिद्दीत तसूभरही कमी नसलेल्या लाखो बाया या महाराष्ट्रात होऊन गेल्या. तारापूर औद्योगिक वसाहतीत सकाळच्या पाळीला डबा घेऊन पायी जाणाऱ्या बायांकडे जिद्द कमी आहे असे कोण म्हणेल? मग फरक कशाने पडला? समाजशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी हा प्रश्न सोडू शकत नाही, आणि आंबेडकरी कार्यकर्ता म्हणून तर मुळीच नाही.

कमानीचे कामगार कुठे गेले?

गोष्टीतला सगळ्यात मोठा कापलेला भाग म्हणजे कमानीचे कामगार. व्याख्यानात ते 'बुडालेल्या कंपनीचे बिचारे कामगार' म्हणून एका वाक्यात येतात आणि जातात. प्रत्यक्षात ते कोण होते?

कमानी ट्यूब्स हा तांब्या-पितळेच्या नळ्या बनवणारा कमानी घराण्याचा कारखाना. कुर्ल्याला लालबहादूर शास्त्री मार्गावर तो भाग आजही 'कमानी' म्हणूनच ओळखला जातो. मालक घराण्यातल्या भाऊबंदकीत कंपनी रसातळाला गेली आणि १९८५ मध्ये कारखाना बंद पडला. गिरणी संपानंतरचे ते दिवस होते. बंद कारखान्याच्या गेटबाहेर बसायचे, हिशेबाची वाट पाहायची आणि शेवटी गावी निघून जायचे, हा तेव्हाच्या कामगाराचा रिवाज झाला होता. कमानीच्या कामगारांनी तसे केले नाही. त्यांच्या युनियनने कारखाना स्वतः चालवण्याची योजना तयार केली, ती घेऊन ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि आजारी उद्योगांच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या बीआयएफआर या मंडळासमोर ती मांडली. १९८८ मध्ये कमानी ट्यूब्स कामगारांच्या सहकारी संस्थेच्या ताब्यात आली. मालकांनी बुडवलेला कारखाना कामगारांनी कायद्याने आपल्या हाती घेण्याचे हे देशातले अगदी सुरुवातीचे आणि गाजलेले उदाहरण आहे. त्यावर अभ्यासकांनी लिहिले आहे, कामगार चळवळीत आजही त्याची चर्चा होते.

तो प्रयोग काही वर्षे चालला, मग अडखळला. खेळते भांडवल नाही, जुनी कर्जे, जुनी यंत्रे, युनियनमधले तट, वाढत गेलेले खटले. शेवटी पाचशेहून अधिक कुटुंबांचा प्रश्न उरला. तेव्हा हे कामगार कल्पनाताईंकडे गेले. म्हणजे कंपनी वाचवायचा विचार आधी कामगारांच्या डोक्यात होता आणि त्यासाठी कोणाकडे जायचे हेही त्यांनीच ठरवले.

आता पुढचा भाग. ११६ कोटींचे कर्ज जिद्दीने फिटत नाही. ताई स्वतःच सांगतात की त्या अर्थमंत्र्यांना भेटल्या, बँकांशी बोलणी झाली, व्याज आणि दंड माफ झाला, मुद्दलातही सूट मिळाली. मग बीआयएफआरच्या योजनेखाली कंपनी उभी राहिली. कामगारांची थकीत देणी तीन वर्षांत द्यायची होती, ती त्यांनी तीन महिन्यांत दिली, असेही त्या सांगतात. हे त्यांच्या बाजूने नोंदवलेच पाहिजे, कारण थकीत पगारासाठी वर्षानुवर्षे कामगार न्यायालयाच्या पायऱ्या झिजवणारे लोक आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. १९८८ मध्ये जे कामगार मालक झाले होते, ते २००६ नंतर पुन्हा नोकर झाले. मालक यावेळी आपल्या समाजाची होती, एवढा फरक. तो फरक लहान नाही. पण ज्या कथेत कामगारांची मालकी आली आणि गेली, ती कथा फक्त मालकिणीची म्हणून सांगणे हा कामगारांवर अन्याय आहे. आणि त्या कामगारांत आपलेही लोक होते, हे विसरू नका.

हवालदाराचा पगार

आरक्षण नको, उद्योग हवा, असे सांगणाऱ्यांना मी एकच विचारतो : गोष्टीच्या सुरुवातीला जो हवालदार आहे, तो कोण आहे?

तो सरकारी नोकर आहे. दरमहा पगार घेणारा माणूस. म्हणून तो अकोल्याहून मुंबईला येऊ शकतो, सासरच्या लोकांसमोर उभा राहून मुलीचा हात धरू शकतो. तोच शेतमजूर असता, ज्याच्या शेतावर राबतो त्याच्याकडूनच प्रवासाला उसने घेणारा असता, तर ही गोष्ट त्या झोपडपट्टीतच संपली असती. सासरहून परत आणलेल्या लेकीला घरात ठेवण्याइतके बळ त्या बापाच्या अंगावरच्या वर्दीतही होते.

आज बोईसरमध्ये काय चित्र आहे ते पाहा. आपल्यातला एखादा पोरगा महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाकडे बीजभांडवलासाठी जातो. हे महामंडळ १९७८ पासून आहे. अर्ज, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, कोटेशन, जागेचे कागद, सगळे जमवतो. मग त्याला विचारले जाते, हमीदार कोण? तो कुणाकडे जातो? रेल्वेतल्या मामाकडे, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असलेल्या काकांकडे, अणुऊर्जा केंद्रातून निवृत्त झालेल्या शेजाऱ्याकडे. पगारपत्रक त्यांच्याकडेच असते. म्हणजे आपल्या वस्तीत धंद्याची हमी घेणारा माणूस हा बहुतेक वेळा आरक्षणातून नोकरीला लागलेला माणूस असतो. आरक्षण घालवा, सरकारी नोकऱ्या ठेकेदारीत घाला, खाजगीकरण करा आणि मग म्हणा, 'आता उद्योजक व्हा'. हमीदार कुठून आणायचा? व्याख्याता सही करणार आहे का?

'नोकरी मागणारे' आणि 'नोकरी देणारे' असे दोन गट पाडणेच चुकीचे आहे. आपल्याकडे दुसरा गट पहिल्याच्या खांद्यावर उभा आहे. खांदा काढून घेतला तर कुणीच उभे राहणार नाही.

बाजाराला जात असते

दुसरा युक्तिवाद असा केला जातो की बाजाराला जात कळत नाही, त्याला फक्त पैसा कळतो. माल चांगला द्या, गिऱ्हाईक जात विचारत नाही. २००५ मध्ये पुण्यात मिलिंद कांबळे यांनी 'डिक्की' म्हणजे दलित उद्योजकांची चेंबर स्थापन केली. त्यानंतर हा विचार आपल्या तरुणांत बराच पसरला. डिक्कीने उद्योजकांना एकत्र आणले, सरकारी दारे ठोठावली, हे काम मी नाकारत नाही. पण बाजाराला जात कळत नसती, तर दलितांना वेगळी चेंबर काढावी लागली असती का?

या प्रश्नाचे उत्तर बाबासाहेबांच्या आयुष्यात आहे. बडोद्याच्या नोकरीत अपमान सोसून ते मुंबईत परतले, तेव्हा संसारासाठी त्यांनी शेअर बाजारातल्या लोकांना सल्ला देणारी एक छोटी कंपनी काढली होती. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेला, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अभ्यास सुरू केलेला माणूस. याहून चांगला 'माल' कुणाकडे होता? सुरुवातीला गिऱ्हाईक आले. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर येईनासे झाले. कंपनी बंद करावी लागली. बाबासाहेब आंबेडकर धंद्यात अयशस्वी झाले, असे कुणी म्हणेल का? बाजार जातीपुढे अयशस्वी झाला.

ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट झाली, असे म्हणाल तर अलीकडचे पाहा. २०१२ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये देशातल्या हजार मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे ९३ टक्के संचालक उच्च जातींचे निघाले. अनुसूचित जाती आणि जमाती मिळून साधारण साडेतीन टक्के. त्याआधी २००७ मध्ये सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खाजगी कंपन्यांना सारख्याच पात्रतेचे, पण वेगवेगळ्या आडनावांचे अर्ज पाठवून पाहिले. दलित आडनावाच्या अर्जाला मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता कमी दिसली. आडनाव वाचणारा बाजार जात ओळखत नाही, हे मानायला मी तयार नाही.

धंद्यात भांडवल म्हणजे फक्त पैसा नसतो. उधारीवर माल देणारा ओळखीचा व्यापारी, बिल अडकले तर फोन करणारा नातेवाईक, नवी निविदा निघाली हे आधी सांगणारा शाळेतला मित्र, भागीदारीला तयार असलेला मेहुणा, हे सगळे भांडवलच आहे. ज्या जातींनी पिढ्यानपिढ्या व्यापार केला त्यांच्याकडे ते जन्मतः येते. आपल्याकडे ते नाही, कारण आपल्याला ते जमवू दिले नाही. म्हणून कल्पनाताईंसारखे एक नाव पुन्हा पुन्हा घ्यावे लागते. ज्या समाजात उद्योजक होणे सामान्य असते, तिथे एकाच माणसाची गोष्ट बारा वर्षे व्याख्यानात चालत नाही.

'देणारा' कसा असावा, हे बाबासाहेबांनी सांगितले आहे

इथे आपल्यातले काही मित्र दुसऱ्या टोकाला जातात. त्यांचे म्हणणे, भांडवलदार हा भांडवलदारच, त्याला जात नसते, आंबेडकरी माणसाने उद्योगाच्या नादी लागूच नये. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, त्याचा दाखला हे मित्र देतात. दाखला बरोबर आहे, निष्कर्ष अपुरा आहे. बाबासाहेबांनी औद्योगिकीकरणाला कधी विरोध केला नाही. गावातल्या जातीच्या दावणीतून सुटायचे तर शेतीवरचा भार कमी झाला पाहिजे, कारखाने वाढले पाहिजेत, हे ते सुरुवातीपासून मांडत होते. प्रश्न मालकी आणि हक्कांचा होता. म्हणून १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी मांडणी केली. मधल्या काळात दुकान काढू नका, कारखाना उभारू नका, असे त्यांनी कुणाला सांगितले नव्हते.

त्यांनी सांगितले ते हे की, नोकरी देणारा कुणीही असो, त्याला कायद्याने बांधले पाहिजे. १९३८ च्या नोव्हेंबरात स्वतंत्र मजूर पक्षाने कामगारांच्या संपाच्या हक्कावर घाला घालणाऱ्या विधेयकाविरुद्ध मुंबईत संप केला. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यांतले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. आज तुम्ही आठ तासांची पाळी म्हणता, ती अशी आली. ती कुणा दयाळू मालकाने दिलेली नाही.

आता ताजी बातमी आठवा. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या कामाची रोजची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्याला मंजुरी दिली. तिमाहीतल्या जादा कामाची मर्यादाही ११५ तासांवरून १४४ वर. उद्योग येतील, गुंतवणूक येईल, असे कारण दिले गेले. 'नोकरी देणारे व्हा' म्हणणाऱ्या किती व्याख्यात्यांनी यावर एक शब्द काढला? बाबासाहेबांच्या फोटोला हार घालून बारा तासांच्या पाळीवर गप्प बसणारा माणूस उद्योजकतेचे आंबेडकरी धडे देऊ शकत नाही.

तारापूरचा पोरगा काय ऐकतो?

हे सगळे बोईसरमध्ये का लिहावे लागते, ते सांगतो.

तारापूर औद्योगिक वसाहतीत हजाराच्या वर कारखाने आहेत. रसायने, औषधे, कापड, पोलाद. सकाळी साडेसहाला बोईसर नाक्यावर उभे राहिले की सगळा देश दिसतो. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाचे मजूर, जव्हार-मोखाडा-विक्रमगडहून आलेले आदिवासी, मराठवाडा-विदर्भातून दोन पिढ्यांपूर्वी आलेली आपली माणसे. यातले फार थोडे कायम कामगार आहेत. बाकी ठेकेदाराचे. ठेकेदार बदलला की माणूस नवा, सेवा नवी, हिशेब शून्यापासून. हातात ओळखपत्र असेलच असे नाही, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक असेलच असे नाही.

आणि याच वसाहतीत माणसे मरतात. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला. हादरा आसपासच्या गावांना बसला, कामगारांचे जीव गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये एका औषध कारखान्यात वायुगळती झाली, चार कामगार गेले. मधल्या वर्षांत किती आगी, किती स्फोट झाले, ते स्थानिक वर्तमानपत्रांत छोट्या बातम्यांत विखुरलेले आहे. सांडपाण्याने नवापूरच्या समुद्रात मच्छीमारांचे काय केले, ते राष्ट्रीय हरित लवादापर्यंत पोहोचलेले प्रकरण आहे.

अशा वसाहतीत बारा तास उभा राहून आलेला बावीस वर्षांचा पोरगा जयंतीच्या कार्यक्रमात बसतो. त्याला सांगितले जाते, कल्पना सरोज झाल्या, तू का नाही? तो घरी काय घेऊन जातो? प्रेरणा म्हणाल तर दोन दिवस टिकते. त्यानंतर उरते ती शरम. आपण गरीब आहोत यात दोष आपलाच, हे तो स्वतःला सांगू लागतो. हजारो वर्षे आपल्याला सांगितले गेले की तुझी अवस्था तुझ्या पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ आहे. बाबासाहेबांनी आपल्याला त्या कर्मविपाकातून बाहेर काढले. आता कुणी येऊन म्हणतो, तुझी अवस्था तुझ्या याच जन्मीच्या आळसाचे फळ आहे. दोन्हींचा परिणाम एकच. ठेकेदाराला कुणी प्रश्न विचारत नाही, बँकेला कुणी विचारत नाही, सरकारला कुणी विचारत नाही.

म्हणून हा वाद शब्दांचा नाही. जो पोरगा स्वतःला दोष देतो, तो युनियनमध्ये येत नाही. सुरक्षेचे हातमोजे, मास्क मागत नाही. अपघात झाला तर 'नशीब' म्हणतो आणि ठेकेदाराने दिलेल्या कोऱ्या कागदावर सही करतो. अर्ध्या गोष्टीची किंमत अशी मोजावी लागते.

मग करायचे काय?

व्याख्याने बंद करा असे मी म्हणत नाही. कल्पनाताईंची गोष्ट जरूर सांगा, पण पुरी सांगा. आणि सांगून झाल्यावर टाळ्यांऐवजी चार कामे वाटून घ्या.

पहिले काम बँकांचे. स्टँड-अप इंडिया योजना ५ एप्रिल २०१६ ला, बाबू जगजीवनराम यांच्या जयंतीला, सुरू झाली. प्रत्येक बँक शाखेने किमान एका अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि किमान एका महिलेला नव्या उद्योगासाठी १० लाख ते १ कोटीपर्यंत कर्ज द्यायचे, असा तो नियम होता. २०२५ पर्यंत ती चालली. पालघर, बोईसर, वाडा, डहाणू इथल्या सार्वजनिक बँकांच्या प्रत्येक शाखेने या नऊ वर्षांत किती कर्जे दिली? माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज लागतो. एका शाखेला एक अर्ज. उत्तरे गोळा करा आणि पुढच्या जयंतीला स्टेजवर वाचून दाखवा. नवी योजना येईल तेव्हा तिच्याकडेही याच नजरेने पाहा.

दुसरे काम सरकारी खरेदीचे. २०१२ च्या केंद्रीय धोरणानुसार केंद्राच्या खात्यांनी आणि कंपन्यांनी आपल्या खरेदीचा ४ टक्के भाग अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योजकांकडून घ्यायचा आहे. हे उद्दिष्ट वर्षानुवर्षे गाठलेच गेले नाही. तारापूर अणुऊर्जा केंद्र चालवणारी एनपीसीआयएल ही केंद्राची कंपनी आहे. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली, प्रकल्प सुमारे ७६ हजार कोटींचा सांगितला जातो. त्या बंदराला किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विरोध आहे आणि तो विरोध समजून न घेता कंत्राटांची स्वप्ने पाहणे आपल्याला शोभणारे नाही. पण जिथे जिथे सरकारी पैसा खर्च होतो आहे, तिथे आपला ४ टक्के कुठे गेला, हा हिशेब मागणे हक्काचे आहे. आणि हा हक्क आपला एकट्याचा नाही. पालघरमध्ये आपल्यापेक्षा आदिवासींची संख्या कितीतरी जास्त आहे. वारली, कातकरी, मल्हार कोळी तरुणांना सोबत न घेता इथे कुठलीही लढाई उभी राहणार नाही.

तिसरे काम कमानीच्या कामगारांकडून शिकायचे. एकट्याने पन्नास लाखांचा प्रकल्प उभा करणे आपल्यातल्या बहुतेकांना शक्य नाही. दहा जणांनी मिळून सहकारी संस्था काढणे शक्य आहे. कॅन्टीन, सफाई, पॅकिंग, वेल्डिंग, वाहतूक अशी कामे ठेकेदार घेतो आणि मधले पैसे खातो. तीच कामे कामगारांच्या सहकारी संस्थेने का घेऊ नयेत? मागासवर्गीय औद्योगिक सहकारी संस्थांसाठी राज्याची अर्थसाहाय्याची योजना होती, तिचे अनेक ठिकाणी पुढाऱ्यांनी काय केले ते आपल्याला ठाऊक आहे. कागदावरच्या सभासदांची संस्था ती अशीच संपते. सभासद स्वतः काम करणारे असतील, हिशेब दर महिन्याला विहारात वाचला जाईल, तर ती टिकण्याची शक्यता आहे. कमानीचा प्रयोग का अडखळला, तेही त्याच बैठकीत वाचा. चुकांसकट शिकायचे.

चौथे काम आपल्याच उद्योजकांचे. आपल्यातून जे ठेकेदार, कारखानदार, दुकानदार उभे राहिले आहेत, त्यांचा सत्कार करताना चार प्रश्न विचारा. किमान वेतन देता का? भविष्यनिर्वाह निधी आणि ईएसआय भरता का? सुरक्षेची साधने देता का? कामगारांना युनियन करू देता का? उत्तर होय असेल तर मोठा हार घाला. नसेल तर निळा झेंडा त्यांच्या गाडीवर शोभत नाही. आपला माणूस मालक झाला म्हणून कामगाराचे शोषण आंबेडकरी होत नाही.

ज्या गोष्टीत हवालदाराचा पगार आहे, सरकारी योजनेचे कर्ज आहे, कामगारांची युनियन आहे, सर्वोच्च न्यायालय आहे, बँकांची माफी आहे आणि या सगळ्याला पुरून उरलेली एका बाईची जिद्द आहे, ती गोष्ट आपल्या चळवळीची आहे. तिच्यातली फक्त जिद्द उचलून बाकीचे फेकून देणाऱ्यांना यंदा स्टेजवर बोलवाल, तेव्हा निदान एक तरुण उभा राहू द्या आणि त्याला विचारू द्या : साहेब, कमानीच्या कामगारांचे काय झाले?

जय भीम! जय संविधान!